निविदा-सल्लागारांबरोबरचे अकरा महिने: एका महापालिकेच्या संगणक विभागाचा अनुभव

मी एका महानगरपालिकेच्या संगणक विभागात काम करतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि परवाना विभाग यांची जुनी संगणक प्रणाली बदलण्याचा निर्णय झाला, तेव्हा निविदेचा मसुदा, सॉफ्टवेअर परवान्यांच्या अटी आणि करारनामा यांसाठी आम्ही दरपत्रके मागवून पुण्यातील एका विधी व वाणिज्यिक सल्लागार संस्थेची नेमणूक केली. त्याला आता अकरा महिने झाले. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही. नगरपरिषदा आणि महापालिकांमधील बरेच सहकारी ‘एवढा खर्च करावा का’ असे विचारतात, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

आधीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. मागच्या निविदेची फाइल उघडायची, तारखा आणि रकमा बदलायच्या आणि विधी विभागाची सही घ्यायची. आमच्या पॅनेलवरील वकील अतिक्रमणाच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांत तरबेज आहेत, परंतु सॉफ्टवेअर परवाना हा त्यांचा प्रांत नाही. परिणामी आमच्या मागील सॉफ्टवेअर निविदेत ‘कामाच्या जागी पाण्याची व विजेची सोय ठेकेदाराने स्वखर्चाने करावी’ ही बांधकाम विभागाची अट तशीच राहिली होती, आणि ती पाच सह्यांमधून कोणाच्याही नजरेस न पडता पार झाली होती.

संस्थेच्या ज्येष्ठ वकील मॅडम पहिल्या बैठकीला आल्या, तेव्हा त्यांनी नव्या निविदेविषयी काहीच विचारले नाही. २०१७ चा जुना करारनामा मागवून घेतला आणि एकच प्रश्न केला, “सर, सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम) कोणाचा?” मी म्हणालो, “आमचाच. करारात स्पष्ट लिहिले आहे, सर्व हक्क महापालिकेकडे हस्तांतरित.” त्यावर त्यांनी विचारले, “किती वर्षांसाठी, ते लिहिले आहे का?” ते लिहिलेले नव्हते. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणजे ज्या हक्कांच्या भरवशावर आम्ही नवीन कंपनीला ‘जुन्या प्रणालीत हवे ते बदल करा’ असे सांगणार होतो, ते २०२२ मध्येच संपल्याचा युक्तिवाद जुनी कंपनी सहज करू शकली असती.

येथे त्यांनी आम्हाला उगाच घाबरवले नाही, हे मला आवडले. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये, कायद्याने स्थापन झालेल्या निकायाने (म्हणजे महापालिकेसारख्या संस्थेने) स्वतःच्या निदेशाखाली करून घेतलेल्या कामाचा पहिला मालक, करारात वेगळे काही नसेल तर, तो निकायच असतो अशी तरतूद आहे. मात्र आमच्या प्रणालीचा मूळ गाभा कंपनीने आधीच तयार केलेला होता आणि आमच्यासाठी त्यावर केवळ बदल झाले होते. त्यामुळे ही तरतूद बदलांना लागू पडेल, गाभ्याला नाही, असे त्यांचे लेखी मत आले. नंतर कपाटातील सोर्स कोडची सीडी काढून पाहिली, तर त्यात २०१८ मधील अर्धवट फोल्डर निघाले. मालकी कोणाचीही ठरली असती, तरी त्या सीडीवरून प्रणाली उभी राहिली नसती.

नव्या करारात म्हणून तीन गोष्टी वेगळ्या केल्या. कंपनीच्या मूळ उत्पादनाचा आम्हाला कायमस्वरूपी परवाना आहे. आमच्यासाठी केलेल्या बदलांचे हक्क प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी आमच्याकडे आहेत. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात, ही कलम १९ मधील तरतूदही स्पष्ट शब्दांत बाजूला ठेवली आहे. माहिती मात्र प्रथमपासून शेवटपर्यंत महापालिकेचीच असून करार संपताना ती उघडता येईल अशा स्वरूपात, कोणत्या रकान्यात काय आहे याच्या तपशिलासह, परत द्यायची आहे. अखेरच्या देयकापूर्वी कंपनीने दिलेल्या कोडमधून आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच कर्मचाऱ्याच्या हातून प्रणाली एकदा उभी करून दाखवायची, ही अट मी आग्रहाने घालून घेतली. सीडीचा अनुभव ताजा होता.

परवान्यांच्या संख्येबाबत त्यांचा सल्ला पैशांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरला. कंपन्यांनी नावनिहाय परवाने सुचवले होते, म्हणजे लॉगिन असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे एक. आमच्याकडे अशी ३४० नावे होती. संस्थेतील वाणिज्यिक बाजू पाहणाऱ्या तरुणाने विचारले की प्रभाग कार्यालयांतील कारकून एकाच वेळी किती जण प्रणालीत असतात. कोणालाच माहीत नव्हते. मग आम्ही मार्चच्या वसुलीच्या गर्दीतले पंधरा दिवस जुन्या प्रणालीच्या नोंदींवरून मोजले. सर्वाधिक गर्दीच्या दुपारी तो आकडा ११२ निघाला. निविदेत एकाच वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर परवाने मागितले, आणि ती संख्या ओलांडली तर आधी लेखी सूचना, नंतर ठरलेल्याच दराने वाढीव परवाने, अशी अट घातली. कंपनीने वर्षातून एकदा येऊन वापराची तपासणी करायची आणि तिला वाटेल त्या दराने फरक वसूल करायचा, ही छापील परवाना करारातील तरतूद काढून टाकली.

कंपनीच्या दायित्वाच्या, म्हणजे तिने जास्तीत जास्त किती दंड वा भरपाई द्यायची याच्या, कमाल मर्यादेवरून लेखाधिकाऱ्यांशी मोठा वाद झाला. आमच्या मसुद्यात दंड अमर्याद होता आणि आम्हाला त्याचा अभिमानही होता. सल्लागारांचे म्हणणे असे की अमर्याद दायित्वाची किंमत कंपनी दरातच मिळवून टाकते, आणि भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ खाली न्यायालय फार तर ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. तेव्हा दंडाचा आकडा फुगवण्याऐवजी विलंबाने काय नुकसान झाले याची नोंद ठेवा. शेवटी दंडाची मर्यादा कराराच्या १० टक्के ठेवली, माहितीची चोरी आणि फसवणूक मात्र त्या मर्यादेबाहेर. सायबर घटना समजल्यापासून सहा तासांत कळवण्याचे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, म्हणून कंपनीने आम्हाला दोन तासांत कळवावे असे लिहिले. बोलीदार सूक्ष्म वा लघू उद्योग निघाल्यास ४५ दिवसांत देयक न दिल्याचे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, असते हे ऐकून लेखाधिकारी साहेब प्रथमच खुर्चीत सरसावून बसले.

आता तक्रारी. मसुदा १४० पानांचा, पूर्णपणे इंग्रजीत आणि उघडच केंद्र सरकारच्या नमुन्यावरून बेतलेला होता. त्यात जागोजागी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ चे दाखले होते, तर आमच्या लेखापरीक्षकांना दाखवावी लागते ती राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका. एका कलमात तर लवादाचे ठिकाण नवी दिल्ली राहून गेले होते. आम्ही ज्या चुकीसाठी त्यांना नेमले, तीच चूक अधिक महाग कागदावर परत आली. प्रशासकांपुढे जाणारा प्रस्ताव मराठीत हवा होता, तो मी दोन रात्री बसून केला. ‘क्षतिपूर्ती’ आणि ‘नुकसानभरपाई’ यांत फरक काय, असा शेरा लेखा विभागाने मारला, त्याचे उत्तरही मलाच द्यावे लागले.

त्याहून मोठी अडचण निविदापूर्व बैठकीनंतर आली. बोलीदारांचे ९४ प्रश्न आले. उत्तरे शुक्रवारी महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर चढवायची होती, ती आमच्या हाती शनिवारी रात्री पडली. शुद्धिपत्रक काढून मुदत आठवडाभर वाढवावी लागली आणि लगेचच एका बोलीदाराने, मुदतवाढ विशिष्ट कंपनीसाठी दिल्याची लेखी तक्रार केली. त्या तक्रारीच्या खुलाशावर माझी सही आहे, सल्लागारांची नाही.

वाणिज्यिक अंदाजपत्रकही मला कच्चे वाटले. सर्वांत कमी दर ठरवताना केवळ पहिल्या खरेदीचा नव्हे, तर पाच वर्षांच्या देखभालीसह एकूण खर्चाचा विचार करावा, ही त्यांची सूचना योग्यच होती. मात्र देखभालीची टक्केवारी यादीतील किमतीवर धरायची की सवलतीनंतरच्या, हे त्यांच्या दरपत्रकाच्या तक्त्यात लिहिलेलेच नव्हते. प्रश्न मी विचारला, नाहीतर कंपनीने पहिल्या दिवशी दिलेली सवलत देखभालीतून पाच वर्षांत परत काढली असती.

कार्यादेश निघाला असून पहिला टप्पा मालमत्ता करापुरता सुरू आहे. संस्थेला दुसऱ्या वर्षासाठी मुदतवाढ द्यावी, असा प्रस्ताव मी दिला आहे. त्यात दोन अटी नव्या आहेत: बोलीदारांच्या प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या दिवशी न आल्यास त्या टप्प्याच्या शुल्कात दररोज कपात, आणि प्रत्येक मसुद्यासोबत प्रस्तावापुरता मराठी गोषवारा. पहिली अट त्यांनी मान्य केली. दुसरीसाठी वेगळे शुल्क मागितले आहे, त्यावर घासाघीस चालू आहे.