नफ्यातली पतसंस्था आणि आमची अडकलेली ठेव

पतसंस्थेत ठेव ठेवणार असाल तर अहवालाचं मुखपृष्ठ, चेअरमनसाहेबांचं मनोगत आणि सत्काराचे फोटो सोडून द्या. मागची, बारीक टायपातली पानं काढा. आमच्या सासूबाईंचे पैसे ज्या संस्थेत बुडाले (गावात अजून 'अडकले' म्हणतात), ती संस्था तिच्या शेवटच्या अहवालातही नफ्यात होती. ऑडिट वर्ग 'अ', लाभांश दहा टक्के. तो अहवाल वाटून वर्ष व्हायच्या आत शाखेला कुलूप लागलं.

मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. सासूबाई तालुक्याच्या गावी राहतात. सासरे गेल्यावर फंड-ग्रॅच्युइटीचे जे पैसे आले ते त्यांनी गावातल्याच पतसंस्थेत ठेवले. राष्ट्रीयीकृत बँक सहा-सात टक्के देत होती, इथे साडेअकरा, ज्येष्ठांना वर अर्धा. शिवाय पिग्मी एजंट (रोजची छोटी बचत गोळा करणारा) रोज दारात. "काकू, या वयात बँकेच्या रांगेत कशाला उभ्या राहता?" महिन्याचं व्याज तो पाकिटात घालून घरपोच द्यायचा, एक दिवसही मागेपुढे नाही. लोकांना हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. व्याज येतंय ना, मग संस्था बरी चाललीये.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा मुदत संपलेली पावती घेऊन त्या गेल्या. मॅनेजर म्हणाले, "काकू, मार्च एंड आहे, एप्रिलमध्ये या." एप्रिलमध्ये वसुलीची वाट, मग लग्नसराई, मग चेअरमनसाहेब मुंबईला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: पाच-पाच हजारांचं वाटप, शाखेबाहेर गर्दी, पोलीस बंदोबस्त, शेवटी प्रशासक.

सासूबाईंनी सगळे अहवाल सत्यनारायणाच्या पोथीशेजारी जपून ठेवलेले. ते मी ओळीने मांडले आणि वाचायला बसले. तोवर संताप चेअरमनवर होता, वाचून झाल्यावर तो ऑडिटरपर्यंत पोचला. कारण लपवलेलं असं फार थोडं होतं. बरंचसं छापलेलंच होतं.

शेवटच्या वर्षाचा निव्वळ नफा ४१ लाख. छान. आता ताळेबंदाची उजवी बाजू, 'जिंदगी व येणी'. तिथे 'येणे व्याज' नावाची ओळ असते, म्हणजे कर्जदारांकडून यायचं पण अजून न आलेलं व्याज. आदल्या वर्षी ते १ कोटी १२ लाख होतं, शेवटच्या वर्षी २ कोटी ६ लाख. एका वर्षात ९४ लाखांनी वाढलं. हे ९४ लाख उत्पन्नात धरलेले होते, तिजोरीत आलेच नव्हते. थकीत कर्जाचं व्याज हातात पडेपर्यंत उत्पन्नात घ्यायचं नसतं. बँकांनी ते आधी धरलेलं असेल तर कर्ज अनुत्पादक (एनपीए) होताच उलटवावं लागतं. पतसंस्थेने ते धरलंच तर तेवढीच तरतूद दुसऱ्या हाताने करायला हवी, म्हणजे तेवढी रक्कम बुडेल असं धरून नफ्यातून बाजूला काढायला हवी. इथे तरतुदीच्या ओळीत आदल्या वर्षीचाच आकडा उतरवलेला. ते ९४ लाख काढून टाका, नफ्याच्या जागी ५३ लाखांचा तोटा उभा राहतो. या वजाबाकीला सी.ए. लागत नाही.

त्यात भर म्हणजे नवं-जुनं. सहकारात वावरणाऱ्यांना हे सांगायला नको. ३१ मार्चच्या तोंडावर थकबाकीदाराच्या नावावर नवं कर्ज टाकायचं आणि त्यातून जुनं कर्ज व्याजासकट जमा दाखवायचं. रोख रुपया हलत नाही, फक्त व्हाउचर हलतं. कागदावर वसुली उत्तम, थकबाकीचं प्रमाण खाली, ऑडिट वर्ग 'अ' कायम. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर्जवाटप एकाएकी वाढलेलं असेल तर तिथे थांबून बघावं. पण हे अहवालात दिसत नाही, त्यासाठी खतावणी (खातेनिहाय नोंदींची वही) लागते आणि ती ठेवीदाराच्या हाती कोण देणार?

आता गुंतवणूक. ठेवी त्या वर्षी ५ कोटींनी वाढल्या होत्या. कर्जं वाढली जेमतेम सव्वा कोटीने. मग बाकीचे कुठे गेले? २ कोटी ६० लाख 'इतर संस्थांतील गुंतवणूक' या ओळीत. परिशिष्टात नाव बघितलं तर एक मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सोसायटी, जिच्या संचालक मंडळावर चेअरमनचे मेहुणे. ती सोसायटी पुढे चेअरमनच्याच कारखान्याला आणि प्लॉटिंगच्या धंद्याला कर्ज देत होती, हे नंतर तपासात निघालं. पण ताळेबंदात ती रक्कम दर्शनी किमतीला, वर तिचंही व्याज येणे धरून! लेखामानक १३ (हिशेब कसे मांडायचे याच्या ठरलेल्या नियमांपैकी एक) सांगतं की दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीच्या मूल्यात कायमस्वरूपाची घट झाली असेल तर ती दाखवली पाहिजे. मेहुण्यांची सोसायटी आपल्याच ठेवीदारांचे पैसे देईना झाली होती. यापेक्षा वेगळी घट कशी असते? आणि गुंतवणूक आहे याला पुरावा काय, तर त्याच सोसायटीने दिलेला शिल्लक दाखला.

ही चाल काही तालुक्यातल्या लोकांनी शोधलेली नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला जे पत्र लिहिलं त्यात याच ओळी आहेत: रोख व बँक शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली, नसलेलं येणे व्याज ३७६ कोटी, न दाखवलेलं देणं १,२३० कोटी, येणी ४९० कोटींनी जास्त. भांडुपच्या पीएमसी बँकेत एका बांधकाम समूहाचं थकलेलं कर्ज झाकायला २१ हजारांवर बोगस खाती उभी केली होती. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि लोकांना पहिल्यांदा हजार रुपये काढायची मुभा मिळाली. आमच्या संस्थेचे आकडे त्यांच्यापुढे चिल्लर, पण ओळी त्याच.

या सगळ्यात खोटं बोलायला सगळ्यात अवघड जागा म्हणजे जमा-खर्च पत्रक. कंपन्यांमध्ये रोख प्रवाहाचं विवरणपत्र असतं, पतसंस्थेत त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. वर्षात प्रत्यक्ष किती आले, कुठून आले, किती गेले. आमच्या संस्थेच्या जुन्या अहवालांत ते आहे, शेवटच्या तीनमध्ये नाही. 'कागद बचतीसाठी' असं चेअरमननी सभेत सांगितलं म्हणे. सत्काराचे रंगीत फोटो मात्र आठ पानं.

ते नसेल तर दोन ताळेबंद शेजारी ठेवून आपणच काढावं. मी काढलं. ठेवींचे ५ कोटी आणि कागदावरचा ४१ लाख नफा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कर्जवाढ, मेहुण्यांची सोसायटी, न आलेलं व्याज, लाभांश, इमारतीचं रंगकाम. शिल्लक वाढ शून्य. म्हणजे जुन्या ठेवीदारांचं व्याज आणि दहा टक्के लाभांश नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जात होता. सासूबाईंना महिन्याच्या महिन्याला पाकीट मिळत होतं ते शेजारच्या वाड्यातल्या कुणाच्या तरी ठेवीतून.

देणी बाजूचं मला शेवटी कळलं आणि ते सगळ्यात वाईट होतं. प्रशासकाने ठेवीदारांची यादी लावली त्यात सासूबाईंची एकच पावती. दुसरी नाहीच. पावती हातात, छापील, शिक्का, मॅनेजरची सही, सगळं आहे. खतावणीत तो क्रमांक नाही. पावती पुस्तकं दोन छापलेली होती. रोख घेतलेल्या काही ठेवी दुसऱ्या पुस्तकातून दिल्या आणि दफ्तरी घेतल्याच नाहीत. पैसा आला नाही, म्हणून देणंही नाही, ताळेबंद जुळलेला. असे बरेच जण निघाले. प्रशासकाच्या कार्यालयातला कारकून मला म्हणाला, "मॅडम, पावती खरी असेल हो, पण पुस्तकात नाही तर मी कुठून लिहू?" त्याचंही खरंच होतं. त्यामुळे ठेव ठेवताना रोख देऊ नका. चेक किंवा खात्यातून वर्ग करा, म्हणजे निदान तुमच्या बँकेच्या पासबुकात संस्थेचं नाव उमटतं. आणि वर्षातून एकदा ठेवखात्याचा उतारा मागा. एजंटकडून नव्हे, शाखेत जाऊन.

ठेव ठेवताना सासूबाईंकडून एका फॉर्मवर सही घेतली होती, 'नाममात्र सभासद' म्हणून. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे नाममात्र सभासदाला मत नाही. सभेत उठून विचारायचा हक्क भागधारक सभासदाला. त्याच कायद्याचं कलम ३२ सभासदाला संस्थेच्या कचेरीत बसून शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांचं दफ्तर विनामूल्य पाहू देतं. थोड्या रकमेचे भाग घेऊन नियमित सभासद होता आलं तर व्हा, पण मोठी रक्कम भागांत घालू नका. संस्था गुंडाळली तर भागधारक रांगेत शेवटी.

आणि विमा. शाखेच्या भिंतीवर 'ठेवी सुरक्षित' असा बोर्ड होता. ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण (४ फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाख) बँकांना आहे. नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. नावात 'अर्बन' आहे, पासबुक आहे, काउंटरला काच आहे, म्हणून ती बँक होत नाही.

आम्ही तक्रार दिली आहे. गुन्हा १९९९ च्या एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या) कायद्याखालीही दाखल झालाय, म्हणजे संचालकांच्या मालमत्ता जप्त करून त्यातून ठेवीदारांना वाटता येतं. जप्त झाल्यात, लिलाव व्हायचाय, त्यातल्या दोन प्लॉटवर आधीच एका बँकेचा बोजा निघाला. वकील म्हणतात वेळ लागेल.

तुमची ठेव अशाच संस्थेत अडकली असेल तर एक करा. दावा अर्जासोबत मूळ पावती कुणालाही देऊ नका, एजंटला तर नाहीच. साक्षांकित प्रत द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या, आणि यादी लागली की आपलं नाव आहे का एवढंच न बघता प्रत्येक पावतीचा क्रमांक ताडून बघा. यादीवर हरकत घ्यायला मुदत थोडी असते.