वापरायला तयार निंबोळी स्प्रे: तेल पास, नोझल नापास

लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी घेतलेला 'वापरायला तयार' निंबोळी तेलाचा स्प्रे गेले काही महिने घरातल्या झाडांवर वापरतेय. पांढरट द्रावण, पुढे ट्रिगर, फिरवायचं नोझल, लेबलवर हिरवं पान. बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. आज लिहायला बसले ते ग्राहक सेवेकडून आलेल्या उत्तरामुळे. सविस्तर तक्रार केली होती, फोटोही जोडले होते. उत्तर एका वाक्याचं: "पान उलटं करून फवारा."

हे वाक्य लिहिणाऱ्याने आयव्हीच्या वेलाची पानं एकेक करून उलटी करून बघावीत. किंवा एरेका पामची.

तक्रार अशी. कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. तिथेच रस शोषतात, तिथेच अंडी घालतात, तिथेच जाळी विणतात. वरून दिसतात ते फक्त फिकट, सुईच्या टोकाएवढे ठिपके. म्हणजे फवारा खालून वर मारायला हवा. त्यासाठी बाटली मागे कलती करावी लागते, आणि या बाटलीतली नळी सरळ, कडक प्लास्टिकची आहे. बाटली भरलेली असेपर्यंत ठीक चालतं. अर्ध्यावर आली की कलती केल्याबरोबर नळीचं टोक द्रावणाच्या बाहेर येतं आणि ट्रिगर नुसती हवा मारतो. थोडक्यात, अर्धी बाटली फक्त पानाच्या वरच्या बाजूसाठी, जिथे कोळी फारसे नसतातच.

एवढ्याशा नळीवर एवढा राग का, असं वाटेल. कारण निंबोळी तेल आणि साबण यांचं मुख्य काम स्पर्शाने होतं. द्रावण किडीच्या अंगावर पडलं तर ती गुदमरते, नाही पडलं तर काही होत नाही. पानाच्या वर मारलेलं तेल आत शिरून खालच्या कोळ्यांना मारत नाही. शिवाय या किडीची मादी नराशिवायही अंडी घालते. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात, आणि पुढे त्यांच्याशीच संग करून ती माद्यांची पिढी तयार करू शकते. एका पानामागे एकटी मादी वाचली तरी सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून नोझल कुठवर पोचतं हा माझ्या मते अर्धा औषधोपचार आहे, आणि कंपनीने नेमका तोच अर्धा भाग स्वस्तात उरकला आहे.

सुरुवातीला मात्र मी या स्प्रेवर खूश होते. अलोकेशियाच्या पानांचा रंग उडायला लागला होता आणि देठ जिथे पानाला जुळतो तिथे बारीक जाळी दिसत होती. पान पांढऱ्या कागदावर झटकलं तर ठिपके पडले आणि ते चालायला लागले. भिंगातून आठ पाय आणि पाठीवरचे दोन गडद डाग स्पष्ट दिसले. अलोकेशियाचं पान मोठं, देठ लांब, त्यामुळे ते उलटं धरता येतं. दोन्ही बाजू भिजवल्या, दुसऱ्या दिवशी हालचाल जवळजवळ थांबलेली. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आठवडा उलटला आणि पुन्हा तेच ठिपके, तेच जाळं. मग मत एकदम खाली आलं. स्प्रे बोगस आहे असंच वाटलं. पण हा दोष तेलापेक्षा लेबलचा निघाला. लेबलवर 'दर पंधरा दिवसांनी फवारा' असं छापलंय. घरात सत्तावीस-तीस अंश तापमान असेल तर कोळी अंड्यातून निघून पूर्ण वाढायला साधारण आठवडाच लागतो. पंधरा दिवस थांबलं की पहिल्या फवाऱ्यातून वाचलेल्या अंड्यांची पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालून बसलेली असतात. तीच बाटली दर चार-पाच दिवसांनी, काही आठवडे न चुकता वापरली तेव्हा अलोकेशियाची नवी पानं स्वच्छ यायला लागली. जुन्या पानांवरचे ठिपके जात नाहीत. तिथल्या पेशी रिकाम्या झालेल्या असतात, तो रंग परत येत नाही. त्यावरून औषध चाललं की नाही हे ठरवू नका, नवीन पान पाहा.

म्हणजे तेल ठीक. पण एवढ्या वेळा फवारायचं म्हटल्यावर बाटली भराभर संपते, आणि बाटलीत बहुतेक पाणीच असतं. पाणी माझ्या नळाला येतं, ते विकत कशाला घ्यायचं? निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक म्हणजे अझाडिरॅक्टिन, पण लेबलवर त्याचं प्रमाण किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे तेही दिलेलं नाही. हा घटक पाण्यात मिसळल्यावर फार काळ टिकत नाही, म्हणून घरी कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायला सांगतात. मग महिनोन्‌महिने शेल्फवर राहिलेल्या तयार बाटलीत तो कितपत उरत असेल? मी ती बाटली तेल-साबणाचं पाणी समजूनच वापरली, आणि तेवढ्यापुरती ती कामाची आहे.

मध्येच एरेकाने आणखी एक मत बदलायला लावलं. त्याच्या दाट, चिरलेल्या पानांत हा स्प्रे पोचतच नव्हता. वैतागून कुंडीला प्लास्टिकची पिशवी बांधली, झाड न्हाणीघरात नेलं, आडवं केलं आणि हँडशॉवरने खालून जोरात पाणी मारलं. जाळी, पिल्लं, धूळ, सगळं वाहून गेलं. एका धुण्यात जेवढा फरक दिसला तेवढा त्या झाडावर स्प्रेने एकदाही दिसला नव्हता. आता कुठल्याही झाडावर तेलाआधी पाणी, हा क्रम मी सोडत नाही. नुसत्या पाण्याने भागेल का? माझ्याकडे नाही भागलं. अंडी पानाला चिकटून राहतात आणि शिरांच्या कडेला बरेच कोळी टिकतात. तिथे तेल लागतंच.

सध्याची व्यवस्था सांगते. कोल्ड प्रेस्ड निंबोळी तेल आणि हाताने हवा भरायचा छोटा प्रेशर पंप, लांब नळीचा, टोकाला वाकडं फिरणारं नोझल असलेला. हा पंप म्हणजे खरा आनंद आहे. नोझल आकाशाकडे वळवायचं, नळी झाडाच्या आत सरकवायची आणि बटण दाबायचं. खालून वर बारीक तुषार उडतात आणि पान हातात धरावंच लागत नाही. आयव्ही पहिल्यांदा नीट भिजली ती याने. एक लिटर कोमट पाण्यात आधी थोडा सौम्य द्रव साबण, मग पाच मिली तेल, आणि फवारताना अधूनमधून हलवत राहायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी ठेवायची. काम झालं की पंपात साधं गरम पाणी भरून फवारून टाकायचं, म्हणजे नोझल तुंबत नाही. फवारणी संध्याकाळी करायची, उन्हात पानं करपतात. कॅलेथियासारख्या नाजूक झाडाच्या आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघायचं. माझ्या कॅलेथियाच्या कोवळ्या पानांवर डाग आले, त्यामुळे तिला आता फक्त पाणी आणि ओल्या कापडाने पुसणं.

मावा-पिठ्या ढेकणासाठीचं इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक घालावं असं बरेच जण सुचवतात. कोळी हा कीटक नाही, अष्टपाद आहे, आणि ते औषध त्याला मारत नाही. उलट त्याच्या वापरानंतर कोळी वाढल्याचंही दिसून आलेलं आहे. खास कोळीनाशकं मिळतात, पण बंद खोलीत ती फवारायची माझी तयारी नाही, आणि ही कीड औषधांना दाद न देण्यात कुप्रसिद्ध आहे. परभक्षी कोळ्यांचा, म्हणजे या कोळ्यांना खाणाऱ्या दुसऱ्या कोळ्यांचा, विचार मी खरंच केला होता. फायटोसियुलस परसिमिलिस ही जात 1958 मध्ये चिलीहून ऑर्किडांबरोबर नकळत जर्मनीत पोचली आणि पुढे हरितगृहांत मुद्दाम सोडली जाऊ लागली. पण तिला दमट हवा लागते, ती या कोळ्यांवरच जगते आणि ते संपले की उपाशी मरते. तेलाचे फवारे चालू असताना तिला सोडणं म्हणजे तिलाच मारणं. पाच-सहा कुंड्यांसाठी मला ते पटलं नाही.

ग्राहक सेवेला मी परत लिहिलंय. लवचीक नळी आणि तिच्या टोकाला छोटं वजन, एवढीच मागणी आहे. बाटली जिकडे कलेल तिकडे नळीचं टोक द्रावणामागे जातं. अशा बाटल्या बाजारात आहेत, हा काही नवा शोध नाही. सोबत लेबलवरचे पंधरा दिवस बदला असंही कळवलंय. "उत्पादनात दोष नाही" असं उत्तर आलं.

ज्यांच्याकडे एक-दोन मोठ्या पानांची झाडं आहेत त्यांनी हा स्प्रे घ्यायला हरकत नाही, फक्त अर्ध्या बाटलीनंतर उरलेलं द्रावण दुसऱ्या चांगल्या स्प्रेमध्ये ओतून वापरा. वेल, पाम, फर्न असेल तर घेऊ नका, ते पैसे पंपात घाला. पाचपैकी दोन. दोन्ही तेलासाठी.