शेपूट कधी पुसायचं?

समजा फाइल 5000 बाइटची, पान (ज्या ठरावीक तुकड्यांत सिस्टिम फाइल मेमरीत ठेवते, त्यातला एक) 4096 चं. दुसऱ्या पानात कामाचे फक्त 904 बाइट; उरलेल्या 3192 बाइटच्या शेपटात एममॅपवाला (फाइल थेट आपल्या मेमरीत जोडून घेणारा) प्रोग्राम बिनदिक्कत कचरा लिहू शकतो.

लिनक्समध्ये डर्टी (बदललेलं, पण अजून डिस्कवर न लिहिलेलं) पान डिस्कवर जाताना, म्हणजे राइटबॅकच्या वेळी, शेपूट शून्य करणं स्वस्त: एक मेमसेट (मेमरीचा पट्टा एकाच किमतीने भरणारं फंक्शन), काम संपलं. पण राइटबॅकनंतर कुणी पुन्हा तिथे लिहिलं आणि मग फाइल वाढली, तर तोच कचरा फाइलचा मजकूर म्हणून वाचला जातो!

फाइल वाढवतानाच पुसलं तर ही फट बुजते. मात्र पान कॅशमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) नसेल तर आधी डिस्कवरून आणावं लागतं. एवढा उशीर मला चालेल. एक्सएफएस (लिनक्सवरची एक फाइल सिस्टिम) दोन्ही वेळा पुसतं.