बॅटरीशिवाय पाहिलेला बिबट्या : सिंगापूरची नाइट सफारी

आमच्याकडे अंधार पडल्यावर जनावर बघायला कुणी बाहेर पडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या पुढे आमची वस्ती आहे आणि चारी बाजूंनी ऊस. बिबट्याची मादी उसातच विते. तोड चालू झाली की फडात बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं येतात, बछडी टोमॅटोच्या कॅरेटात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि लांब जाऊन थांबतात. रात्रीतून आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. आमच्या बांधावर ठेवलेलं कॅरेट सकाळी रिकामं झालेलं मी दोनदा पाहिलंय. शेताला लाइट रात्रपाळीची असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस एका हातात फावडं, एका हातात बॅटरी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातो. ओट्यावर बांधलेला आमचा राजा कुत्रा अशाच एका रात्री गेला. साखळी तेवढी राहिली.

म्हणून सिंगापूरला लेकीकडे गेल्यावर ती म्हणाली, “आई, शनिवारी आपण नाइट सफारीला जाऊ, रात्रीचं जंगल आहे,” तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. दिवसाचं प्राणिसंग्रहालय त्याच आवारात आहे, तिथे ने म्हटलं. आमचा नातू आठ वर्षांचा. तो म्हणाला, “आजी, दिवसा ते सगळे झोपलेले असतात. तू झोपलेल्यांना काय बघणार?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, पण पोरांच्या अशा प्रश्नापुढे मी अजूनही हरते.

तर आम्ही गेलो. आता आपल्याकडून पुष्कळ जण मुलांकडे सिंगापूरला जातात, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

जागेचं नाव मंडाई. (आपल्या मंडईशी काही संबंध नाही, पण आमच्या ह्यांना ते नाव फार आवडलं.) शहराच्या उत्तरेला जलाशयाच्या काठाला लागून दाट झाडी आहे, त्यातली सुमारे ३५ हेक्टर, म्हणजे साधारण शहाऐंशी एकर जागा. २६ मे १९९४ ला हे उद्यान सुरू झालं. खास रात्रीसाठी बांधलेलं जगातलं हे पहिलंच वन्यप्राणी उद्यान. त्याआधी निशाचर प्राणी दाखवायचे तर बंद खोलीत दिव्यांचं वेळापत्रक उलटं करायचे. बाहेर दिवस असताना आत अंधार, म्हणजे प्राण्याला वाटायचं रात्र झाली. इथे तसं काही नाही. खरी रात्र, खरं आभाळ. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे बाराही महिने सातच्या सुमारास सूर्य मावळतो. उद्यान सव्वासातला उघडतं आणि रात्री बाराला बंद होतं.

तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते. आम्ही सव्वाआठची घेतली होती. माणशी पन्नास डॉलरच्या वर पडतात, रुपयांत हिशेब केला की छातीत धस्स होतं. मी केला आणि जावयांना म्हटलं, “अहो, एवढ्यात आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो.” ते नुसतं हसले. घरी परतताना मात्र मी तो विषय काढला नाही. मेट्रोनं खतीब स्टेशनला उतरून तिथून मंडाईच्या बसनं गेलो. जेवण घरूनच करून निघालो होतो. लहान मूल किंवा पथ्याचं माणूस बरोबर असेल तर तेच बरं, कारण आत गेल्यावर वेळ जेवणात घालवावासा वाटत नाही.

आधी ट्राम. वर छप्पर, बाजू उघड्या, चाळीसेक मिनिटांची फेरी. बसल्याबरोबर बारीक पाऊस आला, पण कुणी उठलं नाही. वाटेत हिमालयाचा पायथा लागतो, भारतीय उपखंड लागतो, आफ्रिका लागते, असे भाग पाडलेत. प्राणी आणि आपण यांच्यात गज दिसत नाहीत. मध्ये खंदक आहे, ओढा आहे, पण तो झाडोऱ्यात असा लपवलाय की सांबर आपल्याच बाजूला चरतंय असं वाटतं. तापीर, म्हणजे डुकरासारखा पण आखूड सोंडेचा प्राणी, तर रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता. पुढून काळा, मागून पांढरा, जणू कुणी थंडीत त्याच्या पाठीवर धुतलेली गोधडी टाकलीय. दिवसा चित्रात हा प्राणी विचित्र वाटतो. त्या उजेडात कळलं की पांढरा भाग वेगळा आणि काळा भाग वेगळा दिसतो, आणि आख्खं जनावर असं डोळ्याला जुळतच नाही. वाघाला फसवायला हेच पुरत असणार.

पुढे गीरच्या जातीचा सिंह खडकावर पाय सोडून बसला होता. मग गेंडा. मग पट्टेरी तरस आलं आणि मी पटकन म्हणाले, “हे बघ, तरस! आमच्या डोंगरात असतं.” नातू म्हणाला, “हायना.” तिथून आमचा खेळ सुरू झाला. तो त्याचं नाव सांगायचा, मी माझं. पॉर्क्युपाइन, साळिंदर. बार्किंग डिअर, भेकर. ढोल, कोळसून. पँगोलिनला मी खवले मांजर म्हटलं तेव्हा तो अडला. “पण आजी, ते कॅट नाहीये.” खरं आहे. मांजर नाहीच ते, मुंग्या खाणारं वेगळंच जनावर. पण आपल्या लोकांनी हाक मारायला जवळचं नाव शोधलं. तिथलं खवले मांजर मलायी जातीचं, आपल्याकडचं भारतीय जातीचं. दोन्हीचे हाल तेच, खवल्यांसाठी चोरून मारतात. रत्नागिरीकडच्या बातम्या मी वाचलेल्या होत्या, जिवंत जनावर मात्र आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिलं. मागच्या दोन पायांवर तोल सांभाळत, पुढचे पाय छातीशी धरून, हात जोडलेल्या म्हातारीसारखं चालत होतं. मला एकदम भरून आलं.

ट्राम संपली की बरेच लोक कार्यक्रमाकडे वळतात. आपल्या अंगच्या कसबानं प्राणी काय काय करतात ते त्यात दाखवतात. त्याची जागा आधी ऑनलाइन राखावी लागते. मुलांना आवडतो. आमच्या नातवाला आवडला, मी त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते पायवाटांबद्दल. ट्राममध्ये प्राणी आपल्यासमोरून जातात. पायवाटेवर आपण थांबतो, आणि रात्र थांबणाऱ्यालाच काही देते. चालून जायच्या चार वाटा आहेत. माझा गुडघा दुखरा, तरी दोन पूर्ण केल्या. वाट चांगली बांधलेली आहे, कुठे कुठे चढउतार आहे.

पहिली मासेमार मांजराची वाट. हे मांजर आपल्या घरच्यापेक्षा चांगलं दुप्पट, अंगावर ठिपके, पाण्याच्या कडेला दबा धरून बसलेलं. पाच मिनिटं आम्ही श्वास रोखून उभे होतो. त्यानं पंजा पाण्यात घातलाच होता, तेवढ्यात शेजारच्या एकानं मोबाइलचा फ्लॅश मारला आणि ते झुडपात गेलं. फ्लॅश मारू नका अशा पाट्या जागोजागी आहेत, सूचनाही देतात. मी त्या माणसाला हिंदीत म्हटलं, “भाऊ, उसकी आँखों को तकलीफ होती है।” तो कुठल्या देशाचा कोण जाणे, पण त्यानं मोबाइल खिशात ठेवला. कृपा करून हे एवढं पाळा. आपल्याला एक फोटो मिळतो, तोही हलका, आणि त्या जनावराला मिनिटभर काही दिसत नसेल.

त्याच वाटेवर एका झाडाखाली मला ओळखीचा वास आला. आंबेमोहोर शिजत ठेवल्यावर घरभर पसरतो ना, तसा. मी म्हटलं, “इथे जंगलात भात कोण शिजवतंय?” लेकीनं वर बोट दाखवलं. फांदीवर काळंभोर, झुबकेदार शेपटीचं बिंटुरॉंग नावाचं जनावर पसरलं होतं. पाटी वाचून नातवानं सांगितलं की त्याच्या अंगाला पॉपकॉर्नचा वास येतो. मला भात आठवला यात काही चूक नव्हती. घरी आल्यावर जावयांनी शोधून सांगितलं की त्याच्या मुतात जो सुगंधी पदार्थ असतो तोच मक्याच्या ताज्या लाह्यांत असतो, तोच बासमतीत, आंबेमोहोरात, आणि भातात घालायच्या बासमतीच्या पानातही (म्हणजे पांदानच्या). सिंगापूरची माणसं तेच पान खिरीत, केकमध्ये घालतात. पुढे दोन दिवस भाताचा कुकर उघडला की मला ते जनावर दिसायचं.

आणि मग बिबट्याची वाट.

हे सांगण्याआधी उजेडाबद्दल सांगते, कारण सगळी करामत त्यात आहे. इथली प्रकाशयोजना सायमन कॉर्डर नावाच्या नाटकांसाठी प्रकाश करणाऱ्या माणसानं केली आहे. दिवे उंच झाडांत आहेत, कुठून उजेड येतो ते कळत नाही. पौर्णिमेच्या आसपास आमच्या मळ्यात जेवढं दिसतं तेवढं दिसतं. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही असं वाटतं, मग डोळे सरावतात आणि पानं सुटी सुटी दिसायला लागतात. म्हणून आत गेल्यावर मोबाइल बघूच नका. एकदा पडद्याकडे पाहिलं की सरावलेली नजर गेली, पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे बिबट्या म्हणजे बॅटरीच्या झोतात चमकणारे दोन डोळे. या जनावरांच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, त्यावरून उजेड परत फिरतो. साठ वर्षांत मी बिबट्या किती वेळा पाहिला असेन? सात-आठ वेळा तरी. आणि दर वेळी पाहिले ते डोळेच. बाकीचं शरीर आपण भीतीनं भरून घेतो.

इथे मध्ये मोठी काच आहे. आम्ही गेलो तेव्हा काचेपाशी आम्ही चौघं, नातू आणि एक म्हातारं चिनी जोडपं, एवढेच. बिबट्या आडव्या ओंडक्यावर झोपलेला. मग उठला. आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, मग जांभई दिली. ओंडक्यावरून उतरताना त्याचा आवाज झाला नाही. काच असल्यामुळे तसंही ऐकू आलं नसतं, पण पाय ठेवायची पद्धतच अशी की पाहतानाच समजतं. मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या जागी पडतो. काचेजवळून, माझ्यापासून चार फुटांवरून तो गेला. डोळे चमकले नाहीत. पिवळसर, शांत, आमच्या पलीकडे कुठेतरी बघणारे. कानामागे पांढरा ठिपका असतो हे मला ठाऊक नव्हतं. मिशा एवढ्या लांब असतात हेही नव्हतं. पोटाखालची कातडी चालताना हलत होती, आपल्या घरच्या भाटी मांजरीची हलते तशीच.

आमचे हे एरवी फार बोलत नाहीत. ते हलक्या आवाजात म्हणाले, “केवढा देखणा आहे गं.” तीस वर्षं ज्याच्या नावानं आम्ही संध्याकाळी सहाला दार लावलं, ज्यानं आमचा राजा नेला, ज्याच्यामुळे सुनेला मी अंधारात गोठ्यात जाऊ देत नाही, त्याच्याकडे आम्ही दोघं पहिल्यांदा न घाबरता बघत होतो. राग आला का? नाही आला. आमच्या माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे पिंजऱ्यात जन्म काढणारे मला आठवले. कॅरेटातून बछडं उचलून नेणारी ती मादी आठवली. तिचं अंग मी कधीच पाहिलं नव्हतं, आता ती कशी चालत आली असेल ते मला कळलं.

तिथे आम्ही वीस मिनिटं होतो. नातवालाही कंटाळा आला नाही. त्यानं विचारलं, “आजी, तुझ्या घरी याच्यामध्ये काच नाहीये?” मी म्हटलं, “नाही रे बाळा, तिथे फक्त ऊस आहे.”

याच वाटेवर वटवाघळांचं दालन आहे, दोन दारं उघडून आत जायचं. पंख पसरले तर पाच फुटांच्या आसपास जाणारी वटवाघळं डोक्याजवळ लटकून फळं खातात. ज्यांना किळस वाटते त्यांनी बाहेरून जावं, पण मी सांगेन, आत जा. तोंड कोल्ह्याच्या पिल्लासारखं आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डासांचं मलम लावा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, बूट हवेतच. ट्रामनं पहिली फेरी करा म्हणजे अंदाज येतो, पण तिथेच परत फिरू नका. वेळ कमी असेल तर एकच वाट करा आणि ती बिबट्याची करा. सगळंच दिसेल अशी अपेक्षा नको. उडती खार आम्हाला दिसली नाही, दहा मिनिटं माना वर करून उभे होतो. आणि गप्प राहा. आमच्या पुढे एक मोठा घोळका होता, त्यांच्या पाठोपाठ गेलो तिथे सगळं रिकामं. त्यांना पुढे जाऊ दिलं आणि पाच मिनिटांनी त्याच जागी साळिंदराचं जोडपं खुडबुडत बाहेर आलं.

साडेअकराला निघालो. पूर्वेकडची वाट राहिली, तिथे मलायी वाघ आहे. नातवानं ती नकाशावर लाल पेनानं गोल करून ठेवलीय, आणि शेजारी देवनागरीत लिहिलंय : आजी, आजोबा, पुढच्या वेळी.