चिखलदऱ्याचं आमचं लाकडी शिबिरघर: आठ महिन्यांनंतर, भुशासकट

जूनमध्ये ताबा मिळाला तेव्हाच या घराबद्दल अभिप्राय लिहिणार होतो. बरं झालं राहून गेलं, नाहीतर पाच तारे देऊन बसलो असतो.

मापं, फोटो आमच्या शिबिराच्या गटातल्या सगळ्यांनी टाकून झालेत, म्हणून थोडक्यात. 30 बाय 18 फूट, सागवानाचा सांगाडा, भिंतीला बांबूच्या दुहेरी ताट्या, मधल्या पोकळीत चुना मिसळलेला रंध्याचा भुसा, वर टीन आणि टिनाखाली बांबूचं छत. अंजनगावकडचे आम्ही 24 जण, प्रत्येकी 25 हजार. हिशेब माझ्याकडे. सागवान गावातल्या एका वाड्याचं. भावाभावांत वाटणी झाली, वाडा पाडला, तुळया आम्ही उचलल्या. एवढं मुरलेलं लाकूड आज कुठल्या डेपोत मिळणार? त्या तुळया आठ महिन्यांत सुतभर हलल्या नाहीत. सागवानाबद्दल तक्रार शून्य.

तक्रार भुशाची आहे. भिंतीतल्या नव्हे, वरून पडणाऱ्या.

गणपतीनंतरच्या शिबिरात पहिल्यांदा दिसला. सकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पेटी उघडली तर पट्ट्यांवर फिकट पिवळी पूड. वाटलं, नवीन काम आहे, कापताना अडकलेला भुसा असेल. पुसला. दुसऱ्या दिवशी परत. खंजिरीवर, सतरंजीवर, डोळ्यांत. मैद्यासारखा बारीक, बोटावर घेतला तर लागतसुद्धा नाही. सौ. चुलीपाशी बसून म्हणाली, "आता पोयीले परथन लावाचं कामच नाही, वरून पडतेच." सगळे हसले. मी नाही हसलो, कारण 25 हजार माझेही होते.

टॉर्च लावून पाहिलं तर बांबूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. रात्री सगळे झोपले की कान देऊन ऐकायचं, कर्र कर्र. त्या शिबिरात चार रात्री मी मोजत होतो. माझ्या अंथरुणावरच्या एकाच बांबूने चार दिवसांत चहाचा चमचाभर पूड टाकली. पुडी बांधून फाइलीत लावून ठेवली.

कंत्राटदाराला फोन केला. करारात 5 वर्षांची वाळवीची हमी आहे. त्याने एका पोराला फवारणीचं यंत्र देऊन पाठवलं. पोराने घराभोवती जमिनीत भोकं पाडून औषध ओतलं. मी म्हटलं, बाबा, भुसा वरून पडतोय, तू खाली काय ओततोस? तो म्हणाला, मला एवढंच येतं. परत फोन. तेव्हा कंत्राटदार साहेब म्हणाले, "भाऊ, ही उधई, म्हणजे वाळवी, नाही, हा घुण आहे, लाकूड पोखरणारा किडा. हमी उधईची आहे." म्हणजे किड्याने आधी करार वाचायला हवा होता.

याच माणसाने सुरुवातीला मोबाइलवर नॉर्वेतलं बोरगुंडचं लाकडी चर्च दाखवलं होतं. 800 वर्षांहून जुनं, अजून उभं. "तिथल्या बर्फात टिकतं, तर चिखलदऱ्यात नाही टिकणार?" आम्ही माना डोलावल्या. ते पाइनचं आहे, दगडी पायावर आहे, आणि लाकडाला पिढ्यान्‌पिढ्या डांबर चोपडत आले आहेत, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या बांबूला त्याने काय चोपडलं? व्हार्निश. बाहेरून.

खरं कारण परतवाड्याच्या एका सुतारदादाने काढलं. बांबू बघायच्या आधीच त्याने विचारलं, तोडला कधी? चलान माझ्या फाइलीत होतं: 24 मे. त्याने कपाळाला हात लावला. पावसात कोंब फुटायचे असतात, त्यासाठी बांबू उन्हाळ्यात आत पिठूळ साठा भरून ठेवतो. घुणाला तेच पीठ हवं असतं. पावसाळा उलटून कोंब वर आले की साठा उतरतो, म्हणून जुनी माणसं तोड कार्तिक-मार्गशीर्षात करतात आणि मग बांबू नाल्याच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवतात. आमचा बांबू म्हणजे ऐन पोट भरलेला, वर औषधाचा थेंब नाही. त्याला बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात पेरं टोचून बुडवायचं असतं. आमच्याच मेळघाटात, लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात बांबूचं काम कधीपासून चाललंय. तिथे एक चक्कर मारली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. नॉर्वेला जायची गरजच नव्हती.

इथपर्यंतचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन तारे देऊन. पाठवायचं राहिलं. आता माघ लागलाय, आणि मधला पौषातला आठवडा मला प्रामाणिकपणे सांगावा लागेल.

जानेवारीत पाच दिवसांचं शिबिर झालं. पहाटे बाहेर 6 अंश, आत 14. शेकोटी नाही, हिटर नाही. शेजारच्या सिमेंटच्या सभागृहात मुक्कामी असलेली मंडळी दोन-दोन चादरी पांघरून कुडकुडत होती, तिसऱ्या रात्री त्यांच्यातले चार म्हातारे गोधड्या घेऊन आमच्याकडे आले. मी एका वाकळीत झोपलो, तीही पहाटे पायाशी. लाकडातून उष्णता विटेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शानेच बाहेर जाते, आणि भुसा-चुन्याने भरलेली पोकळी तर त्याहून कंजूष. माझ्या स्वभावाची भिंत आहे ती. या घराला मी दिवाळीत शिव्या घातल्या त्या भिंतीपुरत्या मागे घेतो.

एक दोष मात्र त्याच आठवड्यात कळला. थंड देशातलं घर हवाबंद असतं म्हणून कंत्राटदाराने आढ्याखालची फटही बुजवली होती. वीस-बावीस माणसांचा श्वास टिनाला लागून पहाटे चारला टपटप. तिकडे हवाबंद घरात वाफ अडवायला भिंतीच्या उबदार बाजूला पडदा असतो आणि हवा खेळवायची वेगळी सोय असते. इथे अर्धीच नक्कल. आम्ही दोन्ही टोकांना जाळ्या उघडल्या, थेंब थांबले. खरं तर भुशापेक्षा हाच मोठा दोष, सांगाडा कुजवणारा. पण राग भुशाचाच येतो, काय करणार.

शेवटी तडजोड झाली. मजुरी कंत्राटदाराची, बांबू आमचा. डिसेंबरात तोडलेले 40 बांबू, आमच्या शेतातल्या टाक्यात आमच्या डोळ्यांदेखत बुडवलेले. गटातले निवृत्त सर रसायनशास्त्राचे. ते म्हणाले, औषध मुरलं की नाही ते हळद सांगेल. स्पिरिटमध्ये हळद भिजवून त्यांनी बांबूच्या कापलेल्या तोंडाला लावली, वाळू दिली, वरून मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक अॅसिड) आणि सॅलिसिलिक आम्ल मिसळून फासलं. आमच्या जुन्या बांबूवर हळद पिवळीच राहिली. नव्याचं तोंड लालभडक झालं. मी दहा-बारा बांबू स्वतः तपासले, सगळेच लाल. 39 चढवले. चाळिसावा चिरला होता.

म्हणून माझ्या अंथरुणावरचा तो जुना बांबू तसाच राहिलाय. परवा पुन्हा अर्धा चमचा.

तूर्त साडेतीन तारे. कंत्राटदाराचे अखेरचे 10 हजार माझ्याकडे आहेत. गणपतीपर्यंत पेटीवर पूड दिसली नाही तर देईन. चलान, करार आणि पुडी, तिन्ही एकाच फाइलीत आहेत.