कांडप यंत्राच्या मोटरवर लक्ष ठेवायचंय: टाँग टेस्टर, पॅनल मीटर की सेन्सर?

मार्च लागला की कोल्हापुरात घरोघरी चटणीची तयारी सुरू होते आणि गल्लीबोळातली कांडप यंत्रं दिवसभर थांबत नाहीत. मोटरी जळतात त्याही याच दिवसांत. मिरची नीट वाळलेली नसते, गिऱ्हाइकांची रांग असते आणि ऐन दुपारी व्होल्टेज खाली येतं. दोन एचपीच्या सिंगल फेज मोटरचा करंट आणि व्होल्टेज बघायची सोय करून घ्यावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हुपरीत पॉलिशची मोटर किंवा उद्यमनगरात ग्राइंडर चालवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक उपयोगी पडेल.

नुसता करंट बघणं पुरेसं नाही, हे आधी ठरवून टाका. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० चे १९० व्होल्ट झाले की जोर ६८ टक्क्यांवर येतो. मिरची मात्र तेवढीच कुटायची असते, म्हणून मोटर जादा करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. अँपिअर का वाढले ते व्होल्टेजचा आकडा शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, वायरमनच्या पिशवीत असतोच. वायर न तोडता करंट दिसतो, तारा लावल्या की व्होल्टेजही मोजता येतं. दोष शोधायला याच्यासारखं दुसरं काही नाही. जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर एकमेकींचा परिणाम मारतात आणि आकडा शून्य येतो. त्यासाठी वीतभर वायर सुटी केलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड करून ठेवावा. अर्ध्या एचपीच्या मोटरचा करंट लहान असतो, तेव्हा वायरचे पाच वेढे जबड्यातून घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. व्होल्टेज मात्र मोटरच्या टर्मिनलवर, लोड चालू असताना मोजा. तारा लावताना सप्लाय बंद ठेवा. बोर्डापासून २५ मीटरवर एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर नेली असेल तर १० अँपिअरला जवळपास ९ व्होल्ट वाटेतच जातात. मोटर उठताना पाच-सहा पट करंट घेते, तेव्हा चाळीस-पन्नास व्होल्ट जातात. बोर्डावर २२० दिसतंय आणि मोटर गुरगुरतेय, असं असेल तर कंडेन्सरबरोबर ही वायरही तपासा.

टाँग टेस्टरची उणीव एकच: तो माणसाच्या हातात असतो. दुपारी तीनला व्होल्टेज पडलं तेव्हा तो कपाटात असणार.

म्हणून कायमचा मीटर. काट्याचे व्होल्टमीटर-अँपिअरमीटर मजबूत असतात, लांबून दिसतात, मोटर उठताना काटा कसा उडतो तेही कळतं. तरी मी आज डिजिटलच घेईन, आणि त्यातही वॅट दाखवणारा. सिंगल फेज लहान मोटर रिकामी फिरतानाही पूर्ण लोडच्या निम्म्याहून जास्त करंट घेऊ शकते. त्यामुळे रिकामी ते निम्मा लोड एवढ्यात अँपिअर फारसे हलत नाहीत, वॅट मात्र चांगलेच हलतात. पट्टा जादा ताणला गेला, बेअरिंग जड झालं, तर ते आधी रिकाम्या फेरीच्या वॅटमध्ये दिसतं. यंत्र नीट असताना रिकामं चालवून वॅटचा आकडा पॅनलवर रंगाने लिहून ठेवा. रोज सकाळी मिरची टाकण्याआधी तो आकडा बघायला अर्धा मिनिट पुरतो.

सेन्सरचा मार्ग तरुण मंडळींना आवडतो, आणि नोंद ठेवायची असेल तर तो रास्त आहे. एसीएस-७१२ सगळ्यात स्वस्त. ५, २० आणि ३० अँपिअरचे प्रकार मिळतात. पण तो फक्त करंट मोजतो, लहान करंटला आकडा हलत राहतो, आणि सप्लायची वायर थेट उघड्या छोट्या बोर्डावर येते. पिठाची, मिरचीची धूळ उडते तिथे मी तो बसवणार नाही. पीझेम-००४टी त्यापेक्षा कितीतरी बरा. ८० ते २६० व्होल्ट, कडीतून वायर नेली तर १०० अँपिअरपर्यंत करंट, शिवाय वॅट, युनिट आणि पॉवर फॅक्टर एकाच ठिकाणी. ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला की दिवसभराचं व्होल्टेज नोंदलं जातं. वीज कार्यालयात तक्रार घेऊन जाताना हातात कागद असतो. मोटर उठतानाचा क्षणभराचा झटका मात्र त्याला पकडता येत नाही. सप्लायची बाजू जोडायला वायरमनच हवा, आणि सगळं झाकणाच्या डब्यात.

१२ व्होल्टच्या डीसी मोटरवर प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आयएनए-२१९ हा सेन्सर घ्यावा. मर्यादा २६ व्होल्ट आणि ३.२ अँपिअर. मोटर हाताने अडवली तर करंट याच्या पलीकडे जाऊ शकतो, तेवढं आधी तपासा.

नदीकाठच्या थ्री फेज पंपांची गोष्ट वेगळी. एक फेज गेला की उरलेल्या दोनांत करंट सुमारे १.७ पट होतो, आणि तिथे मीटर बघायला कुणी नसतं. त्यांनी आधी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, बसवावा, मीटरचं नंतर.

कांडपवाल्यांना माझा सल्ला: पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर वॅट दाखवणारा डिजिटल मीटर. टाँग टेस्टर वायरमनचा चालतो. पीझेम घ्यायचा तो घरात कुणी जोडणारं, सांभाळणारं असेल तरच. यातलं कुठलंच मोटर स्वतःहून बंद करत नाही, तेव्हा ओव्हरलोड रिले हवाच, नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावलेला. थ्री फेजचा रिले सिंगल फेज मोटरवर वापरत असाल तर करंट त्याच्या तिन्ही पोलांतून एकामागून एक फिरवून घ्या, नाहीतर काही रिले फेज गेलाय असं समजून विनाकारण ट्रिप होतात.