लिफ्टच्या निळ्या फिल्मखाली झालेली फसवणूक

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटने लिफ्टच्या एकाच केबिनचे पैसे दोनदा मोजले. पहिल्यांदा बिल्डरला, दुसऱ्यांदा ‘खराब पॅनेल बदलून देतो’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला. दोन्ही वेळा फसवणूक लपली ती स्टीलवरच्या निळ्या फिल्मखाली. इतर सोसायट्यांनी वेळीच सावध व्हावं म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

बिल्डरच्या हिशेबात ‘लिफ्ट प्रोटेक्शन’ अशी वेगळी रक्कम होती. त्यात भिंतींना प्लायवूड, सिलवर (दाराखालच्या खाचांच्या पट्टीवर) जाड पत्रा आणि दाराच्या चौकटींना कोपऱ्याच्या पट्ट्या यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पत्र्यावर कारखान्यातून येतेच ती फिल्म तशीच ठेवली आणि खाली पुठ्ठे अंथरले. ही फिल्म साधारण ५० ते १०० मायक्रॉनची. वाहतुकीतलं घासणं ती झेलते, टाइल्सच्या बॉक्सचा किंवा कपाटाच्या कोपऱ्याचा धक्का नाही. शिवाय ती महिनोन्‌महिने ठेवली की गोंद पत्र्यावर पक्का बसतो. ताबा घेताना ‘केबिन सुस्थितीत’ या कागदावर सही झाली तेव्हा फिल्म काढलेलीच नव्हती. काढल्यावर पोचे, ओरखडे आणि चिकट पट्टे दिसले.

दुसरा फटका जास्त मोठा. नव्या पॅनेलच्या कोटेशनमध्ये ‘एसएस ३०४, १.२ मिमी’ लिहिलं होतं, बसवला दोनशे सिरीजचा, म्हणजे २०२ सारख्या कमी निकेलच्या स्टीलचा पातळ पत्रा. कंत्राटदाराने चुंबक लावून दाखवलं. ते चिकटलं नाही आणि कमिटीचं समाधान झालं. पण चुंबकाने फक्त ४३० सारखा चुंबकाला चिकटणारा पत्रा ओळखता येतो. ३०४ आणि २०२ दोन्हींना ते चिकटत नाही. फरक आत आहे: ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या वर, २०२ मध्ये ४ ते ६, आणि बाजारात जे-४ म्हणून मिळणाऱ्या पत्र्यात १ टक्क्याच्या आसपास. निकेलची जागा मँगनीज घेतं आणि गंज रोखण्याची ताकद कमी होते. पावसाळ्यात तळाशी तांबूस ठिपके आले तेव्हा ‘सफाईवाल्या मावशी अ‍ॅसिड वापरतात’ म्हणून त्याने हात झटकले.

अ‍ॅसिडची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती खपते. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याची वाफसुद्धा ३०४ ला डाग पाडते, त्यामुळे लॉबीत ते वापरू देऊच नका. पण धातू कोणता हा वाद चाचणीनेच मिटतो. कोल्हापूरकरांना ती घराजवळ मिळते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे इथे स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत कोणता घटक किती हे सांगणारी चाचणी, करून देणाऱ्या लॅब आहेत. पॅनेल कापताना उरलेला कटपीस घ्या, त्यावर कमिटी आणि कंत्राटदार दोघांच्या सह्या करा आणि बसवण्याआधी तपासा. जाडी फिल्म सोलून मायक्रोमीटरने मोजा. १.२ मिमीचा एक चौरस मीटर पत्रा साधारण साडेनऊ किलो भरतो. वजन करूनही चोरी कळते.

खरं संरक्षण कसं असतं? ६ मिमी प्लायवूड आणि त्यामागे फोमची शीट. प्लाय वरून हुकने लटकवायचा किंवा एकमेकांना जोडून उभा करायचा. पॅनेलला स्क्रू किंवा गोंद अजिबात नको. बटणं, अलार्म, हवेच्या फटी आणि दाराचे सेन्सर मोकळे ठेवायचे. १२ मिमीचा हट्ट धरू नका. सहा माणसांच्या ४०८ किलोच्या लिफ्टमध्ये तीन भिंतींना पूर्ण उंचीचा १२ मिमी प्लाय लावला तर जवळपास ५० किलो जातात, म्हणजे एका माणसाची जागा गेलीच. सिलकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि बिघाड तिथूनच सुरू होतात. खाचेत वाळू-सिमेंट बसलं की दाराचे शू (खाचेत सरकणारे तुकडे) घासतात, दार अडतं. हातगाडीच्या चाकाने अ‍ॅल्युमिनियमची कड वाकते. म्हणून सामान नेताना सिलवर पत्रा टाकायचा, काम संपलं की उचलायचा आणि खाच रोज ब्रशने साफ करायची. लॉबीत ग्राइंडर चालू असेल तर दार झाकून घ्या. ठिणग्यांतले लोखंडाचे कण स्टीलवर बसून गंजतात आणि दोष पत्र्यावर येतो. लोखंडी काथ्यानेही हेच होतं.

फिल्म जुनी होऊन चिकटली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून हळू सोला. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने निघतो. ब्लेड लावू नका. हेअरलाइन (बारीक रेघांच्या) फिनिशवरचा हलका ओरखडा रेघांच्या दिशेने नायलॉन पॅड फिरवून झाकता येतो. आरशासारख्या फिनिशवर हे जमत नाही. त्यामुळे ‘सगळं पॅनेलच बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याला आधी फिनिश कोणतं ते विचारा.

करारात एवढं लिहून घ्या: प्रत्येक पॅनेलची फिल्म दोघांसमोर निघेल, तारखेसह फोटो होतील आणि शेवटचा हप्ता त्यानंतर. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष बिल्डरला कळवला, तर रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्याने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र ओरखडे ताब्याआधीचे आहेत हे दाखवणारे फोटो हवेत. कंत्राटदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. दोन्हीकडे कोटेशन, बिल आणि स्पेक्ट्रोचा रिपोर्ट एकत्र जोडा.